टाइमलॅप्स लुकलुकतोय? सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एवढं बघा

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतरानं काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, आणि त्यातला एकेक फोटो म्हणजे फ्रेम. आधी लक्षणं. लुकलुक दिसली की 'फ्लिकर होतंय' असं सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघतं. आपलं यातलं कुठलं ते ओळखा.

एक: फ्रेम बदलली की उजेड कमीजास्त होतो, जुनी ट्यूब लागताना करते तसं. आकाश, भिंत, रस्ता, सगळं एकदमच लुकलुकतं.

दोन: बराच वेळ सगळं सुरळीत, आणि मग एका फ्रेमला उजेड पायरी चढल्यासारखा वाढतो किंवा उतरतो. संध्याकाळच्या टाइमलॅप्समध्ये हमखास.

तीन: उजेड तोच, पण रंग फिरतो. आत्ता निळसर, पुढच्या फ्रेमला पिवळट.

चार: चित्रावर आडवे पट्टे, आणि दर फ्रेमला ते वेगळ्या जागी.

पाच: ठरावीक वेळाने चित्र क्षणभर मऊ होऊन परत कडक होतं, जणू श्वास घेतंय.

सहा: काळ मागे जातो. मावळलेला सूर्य टुणकन वर येतो आणि पुन्हा मावळतो.

चित्र जागेवरून हलत असेल तर ते या यादीतलं नाही. ट्रायपॉड असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यावर फडफडत असेल तर काढून ठेवा, आणि ही पोस्ट सोडून द्या.

मी ऐरोलीत राहतो. आमच्या गच्चीवरून एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पलीकडे मुलुंड. जूनपासून डोंगरावर ढग उतरायला लागले की गच्चीवर ट्रायपॉड लागतो. सात-आठ वर्षं हे चाललंय, त्यामुळे ओळखीतल्या लोकांचे लुकलुकणारे व्हिडिओ माझ्याकडे येतात. सोबत प्रश्न एकच: 'दादा, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?' सुरुवातीला मीही हाच प्रश्न विचारला होता आणि साडेचार हजारांचं एक प्लगइन घेऊन बसलो. माझी लुकलुक त्यानं थोडी कमी झाली, गेली नाही. दोष कॅमेऱ्यातल्या एका खटक्याचा होता, ज्याला एक पैसा लागला नसता. म्हणून खालच्या क्रमात सॉफ्टवेअर शेवटाकडे आहे.

मूळ फाइल लॅपटॉपवर बघा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ बघून कुठलंही निदान करू नका. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्यांत फक्त काय बदललं याची नोंद. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवला जाणारा डेटा, कमी असला की पूर्ण फ्रेम येते तिथे चित्र एकदम स्वच्छ होतं आणि पुढे पुन्हा गढुळतं. लक्षण पाच म्हणजे बहुतेक वेळा हेच. टाइमलॅप्समध्ये पानं, लाटा, ढग सगळंच प्रत्येक फ्रेमला बदलतं, त्यामुळे साध्या व्हिडिओपेक्षा जास्त बिटरेट लागतो. एक्सपोर्ट करताना तो दुप्पट करून बघा. धडधड थांबली तर काम झालं.

एडिटिंगच्या खिडकीत बघून घाबरू नका हेही सांगून ठेवतो. लॅपटॉपला दम लागला की तो फ्रेम गाळत चालवतो आणि लुकलुक असल्याचा भास होतो. दहा सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करा आणि तो बघा.

फ्रेमचा क्रम

सहावं लक्षण इथे सुटतं. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ वर गेला की पुढचा फोटो ०००१ होतो. नावाप्रमाणे लावलं की शेवटचे फोटो सगळ्यात आधी येतात. सगळे फोटो काढल्याच्या वेळेप्रमाणे लावून नव्यानं क्रमांक द्या. दाविंची रिझॉल्व्हसारखं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर सलग आकड्यांचे फोटो एक क्लिप म्हणून उचलतं. मधला एक फोटो तुम्ही 'खराब आला' म्हणून उडवला असेल तर तिथे क्लिपचे दोन तुकडे पडतात. लोकांना वाटतं सॉफ्टवेअरनं फोटो खाल्ले. मी फोटो कधीच उडवत नाही, कावळा लेन्ससमोर येऊन बसला तरी.

सगळे स्लायडर शून्यावर

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या अंदाजानं निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधले हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी, डीहेझ हे स्लायडर प्रत्येक फोटोतला ऐवज बघून आपलं काम ठरवतात. एका फ्रेममध्ये पांढरा ढग मोठा आणि पुढच्यात जरा लहान, की हायलाइट्सचा परिणामही जरासा बदलतो. एकटा फोटो बघताना हे कळत नाही, पण सेकंदाला २५ फोटो धावले की दिसतं. तुम्ही हायलाइट्स उणे शंभर आणि शॅडोज अधिक ऐंशी लावून सेटिंग सगळ्या फोटोंवर चिकटवलं असेल, तर लुकलुक तुम्हीच तयार केली आहे.

खात्री सोपी आहे. सगळं शून्यावर आणून ५० फ्रेम लहान जेपेगमध्ये काढा आणि चालवा. लुकलुक गेली तर एकेक स्लायडर परत लावत दोषी कोण ते पकडा. एक्सपोजर आणि कॉन्ट्रास्ट सहसा त्रास देत नाहीत. प्रत्येक फोटोला वेगवेगळं 'ऑटो' लावलं असेल तर त्यावर मी काही बोलत नाही.

कागदावर दहा आकडे

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. गिंप हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. चित्रात न हलणारी, सावली न पडणारी एखादी जागा निवडा. माझी ठरलेली जागा म्हणजे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. तिच्यावर छोटा चौकोन आखायचा, हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख) उघडायचा आणि 'मीन', म्हणजे त्या चौकोनातला सरासरी उजेड, हा आकडा कागदावर लिहायचा. सलग दहा फ्रेम.

मागच्या जुलैत माझ्या वहीत उतरलेले आकडे हे: १३८, १३९, १३८, १४६, १३८, १३७, १४५, १३९, १३८, १४४. मधेच येणारे १४६, १४५, १४४ दिसले? बाकी सगळे एका रेषेत आणि तीन फ्रेम उडालेल्या. असा आकडा लेन्सच्या पात्यांकडे बोट दाखवतो, ते पुढे येतं. आकडे १३८, १४१, १४४, १४८ असे एका दिशेनं सरकत असतील तर खरा उजेड बदलतोय. १३८, १३८, १३८, १७२, १७२ अशी उडी असेल तर कोणीतरी, म्हणजे तुम्ही किंवा कॅमेऱ्यानं, सेटिंग बदललं आहे.

तुमच्याकडे सुटे फोटो नसून मोबाइलनं केलेला तयार टाइमलॅप्स असेल तर एवढं मोजायला मिळत नाही. पुढच्या वेळी एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं सेटिंग, लॉक करा. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचं सेटिंग) दोन्ही लॉक होतात आणि ठरलेल्या अंतरानं फोटोही निघतात.

कॅमेऱ्यानं काय लिहून ठेवलंय

प्रत्येक फोटोत शटर (किती वेळ उजेड आत घेतला), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), आयएसओ (उजेड किती वाढवून धरला) लिहिलेलं असतं. उडालेल्या फ्रेमचे आणि तिच्या शेजारणीचे आकडे शेजारी ठेवून बघा. शटर किंवा आयएसओ वेगळा निघाला तर कॅमेरा कुठल्या तरी ऑटो मोडवर आहे. मॅन्युअल मोडवर असूनही आयएसओ 'ऑटो' राहिलेला असतो, हा माझा स्वतःचा, साडेचार हजारांचा खटका. लक्षण तीन असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर आहे. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलीत, काढले असतील तर सगळ्यांना एकच व्हाइट बॅलन्स द्या आणि विषय संपवा. जेपेगमध्ये रंग आत मुरलेला असतो, तिथे पूर्ण दुरुस्ती होत नाही.

आकडे अगदी सारखे असूनही जेपेग उडत असतील तर कॅमेऱ्याच्या मेनूत जा. कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनमध्ये ॲक्टिव्ह डी-लायटिंग अशी सोय असते, ती प्रत्येक फोटो बघून जेपेगचा उजेड ठरवते. एकट्या फोटोला छान, टाइमलॅप्सला घातक. बंद.

पावसाळ्यातलं एक खास दुखणं इथेच सांगतो. एसीच्या खोलीतून कॅमेरा सरळ गच्चीवर नेला की काचेवर वाफ धरते, चित्र दुधाळ होत जातं आणि वीस मिनिटांनी आपोआप निवळतं. हे कुठलंही सॉफ्टवेअर नीट करत नाही. कॅमेरा बॅगेसकट अर्धा तास बाहेर ठेवा आणि मग काढा.

दिवे

नौपाड्यातल्या एका मंडळाच्या पोरानं गणपतीच्या मंडपाची सजावट टाइमलॅप्समध्ये धरली होती. चार रात्री जागून. सगळा व्हिडिओ पट्ट्यापट्ट्यांचा. त्याला वाटलं कॅमेरा गेला. फोटोतला शटर बघितला तर १/२०० सेकंद.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/२०० चा शटर त्या एका फेरीचा अर्धाच भाग पकडतो. कधी तेज भाग हाती येतो, कधी मंद. १/१०० ला एक पूर्ण फेरी मिळते, १/५० ला दोन, आणि उजेड सारखा येतो. रंगीत पट्ट्यांच्या एलईडी माळा मात्र स्वतःच्याच वेगानं चालूबंद होतात, तिथे १/५० सुद्धा पुरेसा नाही. शटर १/१० किंवा अर्ध्या सेकंदापर्यंत आणा. त्यानं हिंडणारी माणसं पुसट येतात आणि टाइमलॅप्समध्ये तेच बरं दिसतं.

काढून झालेल्या पट्ट्यांवर उपाय जवळजवळ नाही. त्या पोराला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, 'दादा, पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतलं तर?' अरे, पट्टा प्रत्येक फ्रेमला वेगळ्या जागी आहे. पूर्ण फ्रेमचा उजेड वरखाली करणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दिसतच नाही. शेवटी एका आड एक फ्रेम गाळून, शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळून जेवढं झालं तेवढं केलं. मंडळाला आवडलं, मला नाही.

लेन्सची पाती

सगळं मॅन्युअल, उजेड सूर्याचा, स्लायडर शून्यावर, तरी आकडे उडतात? मग हेच. नेहमीच्या लेन्सची पाती एरवी पूर्ण उघडी असतात आणि फोटो काढताना ठरलेल्या ॲपर्चरवर मिटतात. दर वेळी अगदी त्याच जागी मिटत नाहीत, केसभर फरक राहतो. एफ १६ ला भोक मुळातच लहान, त्यामुळे केसभर फरकही मोठा दिसतो. एफ ४ ला तोच फरक लपून जातो.

उपाय स्वस्तापासून: लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढा, मग पाती हलतच नाहीत. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ २.८ म्हणजे शटर १/३२०० च्या आसपास जातो, आणि इतक्या जलद शटरमध्येही फ्रेमगणिक फरक पडू शकतो. उजेड अडवणारा एनडी ६४ फिल्टर लावला की तोच शटर १/५० वर येतो. दुसरा उपाय, ज्या जुन्या लेन्सवर ॲपर्चरची कडी हातानं फिरते ती ॲडाप्टरनं लावा. पाती लावाल तिथे राहतात. कॅनन डीएसएलआरवाल्यांची एक जुनी युक्ती आहे: डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (फोटोआधीच पाती मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि लेन्स सोडवायचं बटण दाबून ती किंचित फिरवायची. विजेचा संपर्क तुटतो आणि पाती मिटलेलीच राहतात. मी करतो, पण लेन्स अर्धवट अडकलेली असते हे विसरून कॅमेरा खांद्यावर टाकू नका.

आता सॉफ्टवेअर

इथवर येऊनही लुकलुक उरली असेल, किंवा काढलेलं परत काढता येणार नसेल, तर सॉफ्टवेअर. निवडताना जाहिरातीतले नमुने बघू नका, ते त्यांचे असतात. माझ्या पेनड्राइव्हवर तीन फोल्डर आहेत, प्रत्येकी १०० फ्रेम, १९२० पिक्सेल रुंद. नवीन काहीही हाती आलं की आधी हे तीन त्याला खायला घालतो.

पहिलं फोल्डर 'भिंत': टाकीवाली इमारत, पात्यांची खरी लुकलुक, बाकी काही हलत नाही. ही सोपी परीक्षा, इथे नापास होणारं मी पुढे बघतच नाही.

दुसरं 'ढग': पारसिकच्या उतारावरून ढगांच्या सावल्या सरकताहेत, लुकलुक मुळीच नाही. इथे सॉफ्टवेअरनं काहीच करू नये अशी अपेक्षा असते. बहुतेक सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमच्या उजेडाची सरासरी काढून प्रत्येक फ्रेम तिच्याजवळ ओढतं. किती फ्रेमची सरासरी, हा आकडा मोठा ठेवला की सावल्याही सपाट होतात आणि डोंगर मेल्यासारखा दिसतो. लहान ठेवला की लुकलुक उरते. तुमच्या चित्राला कुठला आकडा चालतो ते या फोल्डरवरच कळतं.

तिसरं 'टँकर': घोडबंदर रोडच्या कडेला पहिल्या मजल्याच्या खिडकीतून. दर चार-पाच फ्रेमला एखादा पांढरा टँकर किंवा बस अर्धं चित्र व्यापते. पूर्ण फ्रेमची सरासरी धरणारं सॉफ्टवेअर इथे फसतं. टँकर आला की त्याला वाटतं उजेड वाढला, आणि ते समोरच्या इमारती काळ्या करतं. म्हणजे नसलेली लुकलुक आणतं.

या तिन्हींवर मला काय दिसलं ते सांगतो. एफएफएमपेग फुकट आहे, त्यात डीफ्लिकर नावाचा फिल्टर येतो. न सांगता तो पाच फ्रेमची सरासरी धरतो, १२९ पर्यंत वाढवता येते. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, त्याची भीती नसेल तर 'भिंत'साठी झकास आणि जलद. रंगाच्या फरकाला हात लावत नाही, 'टँकर'वर आपटतो. रॉ फोटो सुधारायचं डार्कटेबलही फुकट. त्याच्या एक्सपोजर मॉड्यूलमध्ये स्वयंचलित पर्याय आहे आणि तो टाइमलॅप्सची लुकलुक काढायलाही वापरतात. हिस्टोग्रॅमचा कुठला टक्का कुठल्या पातळीवर बसवायचा ते आपण सांगायचं. फक्त रॉ फोटो लागतात. मी नवख्यांना आधी हेच देतो.

दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फोटो जोडायला, रंग करायला आणि ३८४० बाय २१६० पर्यंत व्हिडिओ काढायला उत्तम. पण त्यातलं डीफ्लिकर स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीतच चालतं. फुकटात लावलंत तर चित्रावर शिक्का येतो. रात्रभर रेंडर लावून सकाळी शिक्का बघण्यापेक्षा हे आधी माहीत असावं. नुसते फोटो जोडायचे असतील तर शॉटकट हे फुकट सॉफ्टवेअरही पुरतं.

एलआरटाइमलॅप्स याच कामासाठी बनलंय. लाइटरूम क्लासिकच्या जोडीनं चालतं, आणि मुख्य म्हणजे उजेड चित्राच्या कुठल्या भागावरून मोजायचा तो चौकोन आपल्याला आखता येतो. चौकोन टाकीवर ठेवला की टँकर कितीही येऊ देत. संध्याकाळच्या पायऱ्या, म्हणजे लक्षण दोन, गुळगुळीत करायलाही याच्यासारखं दुसरं मी वापरलेलं नाही. फुकट चाचणीत एका मालिकेत ४०० फ्रेमची मर्यादा आहे. २५ च्या वेगानं ते १६ सेकंद होतात, शिकायला भरपूर. पण लाइटरूमचं भाडं आधीपासून भरत नसाल तर खर्च दोन ठिकाणी होतो, तो धरूनच निर्णय घ्या.

चाचणी करताना घड्याळ लावा. १०० फ्रेमला तुमच्या लॅपटॉपवर किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. २५ एमबीच्या ५०० रॉ फाइली म्हणजे साडेबारा जीबी, लॅपटॉप कुठे गुदमरतो ते पैसे देण्याआधी कळलेलं बरं. आणि चाचणी नेहमी प्रतीवर. मूळ फोटोंचं फोल्डर कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरला दाखवू नका.

इथे थांबा

लेन्स पूर्ण उघडी ठेवल्यावर लुकलुक जाते, पण एफ ५.६ लाही आकडे दहा-पंधरानं उडतात? पात्यांवर तेल आलेलं असतं किंवा यंत्रणा झिजलेली असते. स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा, लेन्स सर्व्हिस सेंटरला द्या. उघडून परत बसवलेल्या दोन लेन्स मी बघितल्यात, दोन्ही आता पेपरवेट आहेत.

घरातले दिवे नुसत्या डोळ्यांना लुकलुकताना दिसत असतील तर तो कॅमेऱ्याचा विषय नाही. वायरमनला बोलवा, सैल जोडणी तापते.

लग्न, गृहप्रवेश, महिनोन्‌महिने चाललेलं बांधकाम, असं परत न मिळणारं किंवा पैसे घेऊन केलेलं काम असेल तर दोन संध्याकाळी स्वतः प्रयत्न करा. तिसऱ्या दिवशी व्हिडिओचं रंगकाम करणाऱ्या व्यावसायिकाकडे मूळ रॉ फाइली द्या, तुम्ही एक्सपोर्ट केलेला व्हिडिओ नको.

आणि कार्डवरचे फोटो उघडतच नसतील, मधल्या फ्रेम अर्ध्या करड्या दिसत असतील, तर कार्ड त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढा. त्यावर एकही नवा फोटो काढू नका, फॉरमॅट करू नका, आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे आहे तसं न्या.